आपण कुठल्या बाजूला राहतो?

दोन दिवसांसाठी बर्लिनला आलेला पाहुणा जेवढं शहर बघून जातो, तेवढं आम्ही इथल्या पहिल्या अख्ख्या हिवाळ्यात बघितलं नव्हतं. त्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं. आमच्याकडे कामांची यादी होती. घर शोधा, घर मिळालं की पत्ता नोंदवा, पत्ता नोंदवला की टॅक्सचा नंबर येईल, तो आला की पगाराचं गाडं रुळावर येईल. थोरलीची शाळा, धाकट्याची किटा (इथल्या बालवाडीला किटा म्हणतात), आणि या सगळ्याच्या डोक्यावर डिसेंबरात चार वाजायच्या आत मावळून टाकणारा सूर्य. ब्रांडेनबुर्ग गेट १७९१ पासून तिथेच आहे, आणखी दोन-तीन महिने कुठे जात नाही, असं आम्ही नवरा-बायको एकमेकांना बजावत होतो.

आम्हाला घराबाहेर काढलं ते रविवारने. इथे रविवारी दुकानं बंद. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण खळकन आवाज होतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आमच्या धाकट्याची प्रत्येक उडी ऐकू जाते, आणि ते सोमवारी जिन्यात भेटल्यावर अगदी सभ्यपणे तसं सांगतात. दोन खोल्या, दोन मुलं आणि शांतता पाळायचा वार, हे गणित काही सुटेना. मग डबा भरायचा, पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, हातमोज्याची जोडी जुळवण्यात अर्धा तास घालवायचा आणि बाहेर पडायचं. शहर बघायची हौस वगैरे पुष्कळ नंतर आली.

सुरुवात शंभर नंबरच्या बसने केली. सगळे तिनेच करतात. प्राणिसंग्रहालयाच्या स्टेशनपासून अलेक्झांडरप्लाट्झपर्यंत जाणारी ही साधी डबलडेकर सिटी बस वाटेत विजयस्तंभ, राष्ट्राध्यक्षांचा महाल, संसदेची इमारत राइशटाग, उंटर डेन लिंडेनचा रस्ता असा सगळा राजेशाही मामला दाखवत जाते. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही आणि शाळकरी मुलांचा शहरातला प्रवास २०१९ पासून फुकट आहे, त्यामुळे बर्लिनमध्ये मुलांना हिंडवताना पैसे जातात ते खाण्यावर. भिंत पडल्यावर १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिन जोडणारी ही पहिली बस, हे मी वाचून गेले होते आणि योग्य जागा बघून मुलांना सांगणार होते. मुलांना वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट हवी होती. ती रिकामी नव्हती म्हणून आलेली बस सोडली, मागून आलेलीही सोडली. शेवटी मिळाली, तेव्हा राइशटागच्या काचेच्या घुमटापेक्षा झाडांच्या फांद्या समोरच्या काचेवर थपाथप आपटतात तेच त्यांना जास्त आवडलं. खरं सांगायचं तर मलाही.

पाऊस असला तर रिंगबान. शहराच्या मधल्या भागाला वेढा घालणारी ही लोकल आहे. ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि साधारण तासाभरात जिथे चढलो तिथेच परत. एस-४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, एस-४२ उलट. तासभर उबदार डब्यात खिडकीपाशी बसायचं, चपातीचे रोल खायचे आणि लोकांच्या मागच्या गॅलऱ्या, भंगाराचे डेपो, भाजीचे चिमुकले वाफे बघायचे. कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात हे प्रेक्षणीय स्थळ म्हणून दिलेलं नाही. शहर समोरून कसं दिसतं ते पर्यटकांना ठाऊक असतं. मागून कसं दिसतं ते रिंगबानमधून कळतं, आणि ज्याला तिथे घर शोधायचंय त्याने मागूनच बघितलेलं बरं.

ब्रांडेनबुर्ग गेटपाशी अखेर पोचलो तेव्हा मी घोड्यांची गोष्ट काढली आणि ती चालली. नेपोलियनने १८०६ साली बर्लिन घेतलं, गेटवरचा चार घोड्यांचा रथ खाली उतरवला आणि पॅरिसला नेला. १८१४ मध्ये नेपोलियन पडला तेव्हा रथ परत आला. दुसऱ्या महायुद्धात त्याची पार मोडतोड झाली. आत्ता वर दिसतो तो १९५८ मध्ये बसवलेला. त्यातही गंमत अशी, की तो घडवला गेला पश्चिम बर्लिनमध्ये आणि गेट होतं पूर्व बर्लिनच्या ताब्यात. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन राजवटींनी हे घोडे इकडून तिकडे कसेबसे पोचते केले. धाकट्याला रथ पळवणारा माणूस बेहद्द आवडला. थोरलीने गोष्टीतून एवढंच उचललं की नेलेली वस्तू परत मिळते. हे तिने मनात ठेवलं आणि मला निसर्ग संग्रहालयात ऐकवलं.

निसर्ग संग्रहालय आमच्या यू-सिक्स मेट्रोवरच आहे, त्यामुळे पावसाळी रविवारचं ते आमचं दुसरं घर झालंय. दालनात शिरल्या शिरल्या समोर जिराफाटिटन. १३.२७ मीटर उंच. डोकं बघायचं तर मान मागे टाकावी लागते आणि धाकटा तर सरळ फरशीवर उताणाच झोपतो. जगातला हा सगळ्यात उंच उभा केलेला डायनासोरचा सांगाडा. पण तो बर्लिनचा नाही, जर्मनीचाही नाही. टांझानियातल्या टेंडागुरु नावाच्या टेकडीवर १९०९ ते १९१३ या काळात ही हाडं खणून काढली. तेव्हा तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता. खणणारे हात शेकडो स्थानिक मजुरांचे, आणि दोनशे टनांहून जास्त माल डोक्या-खांद्यावरून लिंडी बंदरापर्यंत वाहून नेणारेही तेच. पुढे बोटीने जर्मनी.

"मग परत कधी देणार?" थोरलीने विचारलं.

नवऱ्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. एवढा मोठा सांगाडा नीट जपायचा, त्यावर संशोधन करायचं, तर मोठी संस्था लागते, असं काहीतरी तो म्हणणार होता हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि पहिल्याच शब्दाला तो का थांबला हेही कळलं. हीच वाक्यं आपण आयुष्यभर लंडनकडून ऐकली आणि त्यावर चिडलो. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, ती तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. ती महाराजांचीच का यावर इतिहासकारांत वाद आहे, पण माझे सासरे ती बघून आले आणि त्या रात्री फोनवर त्यांचा आवाज काही वेगळाच होता. म्हणजे साताऱ्यात आपण मागणारे, आणि बर्लिनमध्ये? कर इथे भरतो, वार्षिक पास इथला काढतो, मुलांना "आपला डायनासोर" म्हणायला शिकवतो. थोरलीला मी म्हटलं, की यावर लोक बोलतायत, संग्रहालयाची माणसंही बोलतात. "बोलतायत म्हणजे देणार नाहीत," ती म्हणाली, आणि धाकट्याला उठवायला गेली.

इथून पुढे आमचं बर्लिन-दर्शन जरा अवघड होत गेलं.

आम्ही राहतो वेडिंगमध्ये. धाकट्याची किटा शोसेश्ट्रासेने दक्षिणेला, मिटेच्या बाजूला. चालत वीस मिनिटं. धाकट्याबरोबर चाललं तर चाळीस, कारण वाटेत ससे आहेत. फुटपाथमध्ये आणि रस्त्यात बसवलेले पितळेचे सपाट ससे, खऱ्या सशाच्या आकाराचे. कोणी पळतोय, कोणी अंग चोरून बसलाय. कार्ला साक्से या कलावतीने १९९९ साली असे १२० ससे इथे बसवले. रस्त्याच्या आणि इमारतींच्या कामांत त्यातले बरेच गेले, काही राहिले. भिंत होती तेव्हा शोसेश्ट्रासेवर नाका होता. भिंत खरं तर दुहेरी होती, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात माणूस शिरला तर गोळी, पण सशांना कोण विचारतो? त्यांनी तिथे बिळं केली, पोरंबाळं वाढवली आणि खालून हवं तसं जाणं-येणं ठेवलं. धाकटा रोज एका सशावरून दुसऱ्यावर उड्या मारत किटेला जातो. मधल्या जमिनीवर पाय पडला तर आऊट.

ससे इथे का, हे त्याने विचारलं तेव्हा मी भिंतीचं थोडक्यात सांगितलं. १३ ऑगस्ट १९६१, तोही रविवारच. लोक सकाळी उठले तर रस्त्यात काटेरी तारा. मग विटा, मग काँक्रीट, मग टेहळणीचे मनोरे. पश्चिम बर्लिनभोवतीचा सगळा फास मिळून सुमारे १५५ किलोमीटर. अठ्ठावीस वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९८९ ला, ती उघडली.

"आपण कुठल्या बाजूला राहतो?"

पश्चिमेला, मी म्हटलं.

"आणि किटा?"

पूर्वेला.

त्याने हिशेब केला. तो पाच वर्षांचा आहे, त्याचे हिशेब लहान आणि अचूक असतात. "मग संध्याकाळी मला घरी कोण आणणार?"

मी म्हटलं, अरे, तेव्हा तू नव्हतास, आम्हीही इथे नव्हतो. मोठ्या माणसाला हे उत्तर पुरतं. आम्ही नव्हतो, आमचे आजोबा तेव्हा कराडला होते, आमचा काय संबंध. त्याला ते उत्तरच वाटलं नाही. किटा आत्ता तिथे आहे, घर आत्ता इथे आहे आणि मध्ये ससे आहेत. इतिहास संपला असेल, रस्ता तोच आहे. त्या दिवशी किटेच्या दारात त्याने माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडला नाही.

मग आम्ही तो विषय टाळला नाही. नॉर्डबानहोफ स्टेशनात भुताच्या स्टेशनांचं छोटं फुकट प्रदर्शन आहे, तिथे नेलं. आमची यू-सिक्स पश्चिमेतून निघायची, पूर्वेच्या पोटाखालून जायची आणि पुन्हा पश्चिमेत निघायची. मधल्या स्टेशनांवर, फ्रीडरिशश्ट्रासे सोडलं तर, गाडी थांबत नसे. मिणमिणत्या दिव्याखाली पहारेकरी उभे, आणि गाडी हळू चालत पुढे. आमच्या शेजारचं रायनिकेनडोर्फर श्ट्रासे हे पश्चिमेतलं शेवटचं स्टेशन. हे कळल्यापासून मुलांनी खेळ काढलाय: तिथून गाडी सुटली की श्वास रोखायचा. अर्थात पुढच्याच स्टेशनवर दारं उघडतात, चार माणसं चढतात, कोणाच्या तरी सायकलचं हँडल कोणाला तरी लागतं आणि श्वास सुटतो.

बेर्नाउअर श्ट्रासेवर भिंतीच्या जागी आता गंजलेल्या लोखंडी सळयांची रांग आहे. मुलांना त्यातून आरपार जाता येतं, आणि ती जातात, पश्चिमेतून पूर्वेत, पूर्वेतून पश्चिमेत, दम लागेपर्यंत. तिथलं एक चर्च मोकळ्या पट्ट्यात सापडलं होतं. पूर्वेच्या सरकारने १९८५ मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. आज त्या जागी मातीच्या कुटून केलेल्या भिंतींचं लहानसं प्रार्थनाघर आहे, त्या मातीत जुन्या चर्चचा चुरा मिसळलेला. शेजारी राय धान्याचं शेत. राजधानीच्या मध्यावर, ट्रामच्या रुळांशेजारी, कणसं डोलतायत. बाकी स्मारकांचं काय व्हायचं ते होवो, हे मला पटलं.

या शहरात पितळ दोन प्रकारचं आहे, आणि धाकट्याला तो फरक माहीत नव्हता. सशांवर उड्या मारायची सवय लागलेला मुलगा आमच्याच गल्लीत एका दारापुढच्या तीन पितळी चौकोनांवर टणाटण उड्या मारत होता. हाताच्या तळव्याएवढे चौकोन. इथे त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराने नव्वदच्या दशकात हे काम सुरू केलं. नाझी राजवटीने ज्यांना नेलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरापुढे फुटपाथमध्ये एक दगड. प्रत्येक माणसाचा वेगळा. वर ठोकून लिहिलेलं असतं: इथे राहत होते, मग नाव, जन्मसाल, कधी आणि कुठे नेलं, काय झालं. युरोपभर मिळून आता एक लाखाच्या वर आहेत, एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांहून जास्त.

थोरलीला आता वाचता येतं. तिने वाचलं आणि भावावर ओरडली, "नावावर पाय दिलास! पाया पड!" वहीला, पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायचा, ही आमच्या घरातली एकमेव शिस्त जी न सांगता पाळली जाते. धाकटा वाकला, तिन्ही दगडांना एकेक करून हात लावला, हात कपाळाला लावला. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एक वयस्क बाई थांबल्या. काय केलं त्याने, असं त्यांनी थोरलीला विचारलं आणि तिने जर्मनमध्ये समजावलं. मला वाटलं, आता इथलं कोणी तरी चुकलं-बरोबरचं सांगणार. सांगायची इथे हौसही आहे. बाई म्हणाल्या, नऊ नोव्हेंबरला दुपारी मी हे घासते, वेळ असेल तर फडकं घेऊन या.

नावं पायदळी येऊ नयेत, हा आक्षेप जर्मनीतही आहे. म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवायला त्याच कारणासाठी नकार दिला. आमच्या घरात त्यावर मतभेद आहेत. नवऱ्याला म्युनिकचं पटतं. मला वाटतं, भिंतीवर लावलेली पाटी आम्ही कधीच वाचली नसती.

नोव्हेंबरात गेलो. बाईंनी गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी आणली होती, पॉलिशची ट्यूब, दात घासायचा जुना ब्रश. ब्रशने अक्षरांच्या खाचा, मग पॉलिश, मग फडकं. काळपटलेलं पितळ हळूहळू पिवळं होतं आणि अक्षरं वर येतात. आजी दिवाळीत समया घासते तसंच आहे हे, थोरली म्हणाली, आणि तेवढ्याच जोरात घासायला लागली. आई, वडील, मुलगी. १९४३. आउशवित्झ. बाईंनी तिला फार काही सांगितलं नाही. त्यांना घरातून नेलं आणि मारलं, ज्यू होते म्हणून, एवढंच. हीच तारीख, नऊ नोव्हेंबर. १९३८ मध्ये याच रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, जाळली आणि ज्यूंची दुकानं फोडली. १९८९ मध्ये याच रात्री भिंत उघडली. म्हणून तर राष्ट्रीय सुट्टी तीन ऑक्टोबरला आहे, नऊ नोव्हेंबरला नाही. मेणबत्ती लावली, गुलाब ठेवला. मी वाट बघत होते ती का मारलं या प्रश्नाची. त्याची तयारीही केली होती.

थोरलीने विचारलं, "मग त्यांचं घर कोणाला मिळालं?"

घर शोधण्याचे आमचे महिने तिने जवळून बघितलेत. एका घरापुढे जिन्यापासून फुटपाथपर्यंत लागलेली रांग, हातात पगाराच्या स्लिपांची फाइल, परत कधीच न आलेले फोन. या शहरात घर रिकामं झालं की ते कोणाला तरी मिळतं, हे तिला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकापेक्षा पक्कं ठाऊक होतं. बाई थोडं थांबून म्हणाल्या, कोणाला तरी मिळालं. सामान लिलावात गेलं, लोकांनी विकत घेतलं. शेजाऱ्यांनीसुद्धा. उशी काखेत मारून त्या उठल्या.

त्या रात्री तिचा पुढचा प्रश्न आला, तो आमच्या घराबद्दल. आमची इमारत शंभर वर्षांपुढची आहे. बर्लिनची जुनी पत्त्यांची पुस्तकं १९४३ पर्यंतची, शहराच्या वाचनालयाने स्कॅन करून खुली ठेवलीत. गल्ली, घर नंबर, आणि खाली राहणाऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे धंदा. जुन्या जर्मन छापाचं ते टोकदार अक्षर लावायला एक संध्याकाळ गेली. आमच्या नंबरखाली शिंपी निघाला, सुतार, पोस्टातला माणूस, आणि जिच्यापुढे फक्त विधवा एवढाच धंदा लिहिलाय अशी एक बाई. आमच्या दारापुढे दगड नाही. थोरलीला हायसं वाटलं. मलाही वाटलं, मग वाटलं की दगड नसणं म्हणजे काही घडलं नाही असं थोडंच. कोणी तरी शोध घेतो, पैसे भरतो, तेव्हा दगड बसतो.

ब्रांडेनबुर्ग गेटजवळच्या मोठ्या हॉलोकॉस्ट स्मारकाला, २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या त्या चक्रव्यूहात, आम्ही मुलांना अजून नेलेलं नाही. तिथे ती लपंडाव खेळतील, आणि खेळू नका असं मला सांगता येणार नाही, कारण जागाच तशी आहे. गल्लीतले तीन दगड पुरे आहेत सध्या.

सगळं असं जड नाही हो. टेम्पेलहोफ आहे ना. २००८ मध्ये बंद झालेला विमानतळ, दोन वर्षांनी बागेसारखा खुला केला, आणि तिथे इमारती बांधायचा बेत २०१४ च्या सार्वमतात लोकांनी उडवून लावला. त्यामुळे भर शहरात दोन धावपट्ट्या, तीनशे हेक्टरांवर मोकळं आकाश, आणि वारा असा की पतंग उडवायला ढील द्यावीच लागत नाही. पुण्याहून आणलेली फिरकी इथे कामी आली. मांजा अर्थातच साधा. चंडोल पक्षी जमिनीवर घरटी करतात म्हणून वसंतात गवताचा काही भाग दोरी लावून बंद ठेवतात, आणि त्या दोरीपलीकडे पडलेला पतंग गेला समजायचा. याच धावपट्ट्यांवर १९४८-४९ मध्ये, सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली तेव्हा, विमानांनी कोळसा आणि पीठ उतरवलं. गेल हॅल्व्हरसन नावाचा अमेरिकन वैमानिक कुंपणाशी जमलेल्या मुलांसाठी रुमालाच्या पॅराशूटला चॉकलेटं बांधून टाकायचा. आपलं विमान ओळखू यावं म्हणून आधी पंख हलवायचा. ही गोष्ट मी सांगितली आणि पस्तावले असं नाही, पण आमच्याकडचे सगळे रुमाल संपले.

या उन्हाळ्यात सासू-सासरे आले आणि मुलं एका दिवसात यजमान झाली. आजी-आबांना कुठे न्यायचं याची यादी त्यांनीच केली. पहिला मान डायनासोरला नाही, गेटलाही नाही. बाटल्या गिळणाऱ्या मशीनला. सुपरमार्केटातल्या भोकात प्लॅस्टिकची रिकामी बाटली सरकवली की २५ सेंट मिळतात, हे बघून आजींनी परतीपर्यंत वाटेत दिसलेली एकही बाटली सोडली नाही. मग ससे. मग दगड; तिथे धाकट्याने आबांना आधीच सांगून ठेवलं, "इथे उडी नाही."

आबांची स्वतःची मागणी एकच होती. निवृत्त शिक्षक माणूस. म्हणाले, इरावतीबाई कर्वे इथे शिकल्या ती जागा दाखवा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या डालेममधल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत डॉक्टरेट करत होत्या. कवट्यांची मापं घेऊन वंशांमधला फरक सापडतो का, हे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तसा फरक सापडत नाही असं त्यांनी संस्थेच्या प्रमुखाच्या, ऑयगेन फिशरच्या, मर्जीविरुद्ध लिहून दिलं. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशशास्त्राची कोठी झाली. इनेश्ट्रासे २२. आता तिथे विद्यापीठाचा विभाग आहे, आणि दारापाशी संस्थेच्या काळ्या इतिहासाची पाटी. थोरलीने ती आबांना वाक्यावाक्याने मराठीत करून सांगितली, अडेल तिथे हातवारे करत. आबांनी विचारलं, तुला शाळेत हे शिकवतात? अजून नाही, ती म्हणाली, पण आमच्याकडे हे सगळं लिहून ठेवतात. "आमच्याकडे" ऐकून नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आबांनी पाटीचा फोटो काढला, त्यात त्यांचा अंगठा आला.

शेवटच्या रविवारी श्पांडाऊचा किल्ला ठरला. सोळाव्या शतकातला, चारी बाजूंनी पाणी. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढणाऱ्या माणसाला किल्ला दाखवणं हे धाडसच होतं. आबा पुलावरून आत शिरले, मागे-पुढे बघितलं, तटाला हात लावला. "भुईकोट आहे," म्हणाले. आवाजात क्षमा होती. आत लेनिनचं भलंमोठं दगडी डोकं कुशीवर पडलेलं आहे. पूर्व बर्लिनमधला पुतळा १९९१ मध्ये उतरवला, तुकडे जंगलात पुरले, आणि २०१५ मध्ये फक्त डोकं उकरून काढून इथे ठेवलं. धाकट्याने त्याच्या कानाला हात लावून विचारलं, "याला परत कधी देणार?" कोणाला, ते त्याला सांगता आलं नाही, आम्हालाही नाही. आबा म्हणाले, ठेवू द्या इथेच, मुलांना चढायला बरं आहे, आणि त्याला खाली ओढलं, कारण चढायला परवानगी नाही हे थोरलीने तोवर वाचून दाखवलं होतं. आजींना यातलं काहीच नको होतं. नेहमीच्या मेट्रोच्या तिकिटात वानझेहून क्लाडोला वीस मिनिटं बोट नेते, असं धाकट्याने त्यांना सांगितलेलं, आणि सकाळपासून त्या प्रत्येक फाट्यावर विचारत होत्या, बोट इकडे का तिकडे? शेवटी दुपारी डबा गुंडाळला आणि निघालो.